पाणी आलं तरच घालायची बरसाती

संपादक साहेबांना आणि वाचणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. माझं शिक्षण आठवी, तीही पुरी नाही. लिहिण्यात चुका निघतील त्या पोटात घाला.

आमचं गाव राधानगरीच्या बाजूला डोंगरात. पावसाळ्याचे चार महिने तिकडं ढगातच राहायचं, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक काळ्या आकाराला भूत म्हणत बसलं तर वैरणीला जायचं कुणी? वडील म्हणायचे, भ्या वाटलं की जवळ जाऊन हात लावून बघायचं, झाड असतंय. मी लहानपणापासून हात लावून बघत आलो आणि दरवेळी झाडच निघालं. त्यामुळे कुणी असल्या गोष्टी सांगायला लागला की मी आपला उठून जायचो... एकदाच झाड निघालं नाही. ते लिहितो.

वडील गेल्यावर शाळा सुटली. कालव्याच्या दारांची दुरुस्ती करणाऱ्या एका ठेकेदारांकडं हेल्पर म्हणून लागलो. त्यांच्याबरोबर फिरत फिरत नांदेड जिल्ह्यात आलो, मुखेडपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर एका तलावावर. (तलावाचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते शेवटी कळेल.) काम संपलं, गँग गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "चौकीवर माणूस नाही, राहतोस का?" माझ्यासारख्या आठवीवाल्याला समोरून कुणी काम विचारतं का? त्या साहेबांचे उपकार मी विसरणार नाही. हो म्हणालो आणि राहिलो.

चौकी म्हणजे बांधाच्या टोकाला एक खोली. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. शेजारी सांडवा, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी जिथून आपोआप बाहेर पडतं ती जागा. ते पाणी खाली ओढ्याला मिळतं, आणि ओढ्यावर गावाचा एकुलता एक रस्ता — सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला बुटका पूल. पलीकडं गाव, अलीकडं चौकी आणि मुखेडचा रस्ता. चौकीच्या दारातून पूल सरळ दिसतो, आणि पुलावरून चौकी.

अंगणात तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं भांडं आहे. रोज सकाळी आठ वाजता ते बघायचं आणि ऑफिसला फोन करायचा. पाऊस नसला की "शून्य" म्हणायचं नाही, "निरंक" म्हणायचं. पहिल्या दिवशी मला ते कुणाचं तरी नाव वाटलं होतं! मग कळलं, निरंक म्हणजे काही नाही. मराठवाड्यातला पावसाळा... आमच्याकडं एका दिवसात पडतो तेवढा इथं महिन्यात पडला तरी लोक खूश. कितीतरी दिवस असे गेले की सकाळी आठ वाजता "निरंक" म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता पुन्हा "निरंक" म्हणालो, आणि या दोन्हीच्या मधे तोंडातून दुसरा शब्दच निघाला नाही. बोलायला कुणी नव्हतंच.

नाही म्हणायला गंगामाय होती. बांधाला लागून तिचं शेत. आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सांडव्याच्या कडेनं शेळ्या घेऊन चालली होती. तिथं शेवाळ. मी ओरडलो, "आवो मावशी, तिकडनं जाऊ नगासा!"

ती थांबली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघायला लागली.

"काय मनलास?"

"जाऊ नगासा म्हटलं. पाय घसरंल."

"नगासा!" ती इतकी हसली की शेळ्या पुढं निघून गेल्या. "नगासा म्हणं! कोणत्या मुलखाचा हाइस रे लेकरा?"

तेव्हापासून अख्ख्या गावात माझं नाव नगासा. खरं नाव कुणी विचारलं नाही. मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. आपल्याला नाव ठेवलं म्हणजे आपण आहोत हे कुणीतरी धरून चाललंय. आणि त्या दिवसापासून गंगामाय शेतात येताना माझ्यासाठी एक ज्वारीची भाकरी जास्त आणायला लागली. फडक्यात बांधलेली, वर लसणाची चटणी. "तुमच्याकडं भात खाऊन खाऊन तुझी हाडं मऊ पडलीत," असं म्हणायची.

आता बरसातीचं सांगतो.

माझ्याआधी या चौकीवर खाजाचाचा होते, मुखेडचे. तीस-एक वर्षं त्यांनी इथं काढली. मी यायच्या आदल्या वर्षी वारले. चौकीच्या कुलपाची एकच चावी होती, ती त्यांच्या घरी राहिलेली. साहेब म्हणाले, जाऊन घेऊन ये. गेलो. त्यांच्या घरच्या बाईंना सगळे बी म्हणतात, मीही म्हणतो. बींनी चहा पाजला, चावी दिली, आणि आतून एक कोट घेऊन आल्या. दोन्ही हातांवर आडवा धरून, झोपलेलं मूल आणावं तसा.

"उन्हों की बरसाती है. चौकी की चीज है, चौकी में रहना. ले जा."

लांब, काळपट हिरवी, जाड रबरी कापडाची. कॉलर वेलवेटसारखी, गळ्याशी झिजलेली. पितळी बटणं. चाचा उंच माणूस, त्यांना ती पोटरीपर्यंत यायची म्हणे. मी घातली तर घोट्यापर्यंत. बी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "देख बेटे, पानी आया तोच पहनना. ऐसेच नै पहनना."

"हौ," मी म्हणालो. साधी गोष्ट आहे... पाणी आलं की घालायची. रेनकोट दुसऱ्या कशाला असतो?

तुम्हाला हसू येईल, पण माझ्या आयुष्यातला तो पहिला रेनकोट. जन्म पावसात काढला, पण शाळेत जाताना डोक्यावर इरलं नाहीतर युरियाच्या पोत्याची खोळ. ती बरसाती मी ओल्या फडक्यानं पुसायचो, सावलीत वाळवायचो, शिवणींना मेणबत्ती घासायचो. खुंटीवर टांगली की खोलीत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं — भीती नाही, सोबत. जेवताना मी तिच्याकडं तोंड करून बसायचो हे लिहायला लाज वाटते, पण बसायचो. अशा कोटाची एक खोड असते, ज्यांनी घातलाय त्यांना माहीत असेल. बाहेरचा थेंब आत येत नाही, पण आतला घामही बाहेर जात नाही. पावसानं कोरडे राहता आणि घामानं चिंब होता. पाठ, खांदे, बाह्या मनगटापर्यंत. वास रबराचा.

श्रावणात एक दिवस सकाळपासून भुरभुर लागली. आमच्याकडं अशा पावसाला पाऊस म्हणत नाहीत. पण मला इतका आनंद झाला! बरसाती चढवली, सगळी बटणं लावली आणि बांधावर फेऱ्या मारल्या. सांडव्यापाशी उभा राहिलो, तळं बघितलं, पुन्हा फेऱ्या. गावातली माणसं पुलाच्या पलीकडं येऊन थांबताना दिसली. दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकली थांबल्या. एसटी आली, वळून परत गेली. मला वाटलं, पलीकडं काहीतरी कार्यक्रम असेल. कुणीतरी हात केला. मी पण केला.

दुपारी बारा वाजता बालाजी जीपवाला ओढ्यातून पँट वर करून चालत आला. लालबुंद झालेला.

"नगासा! पाणी कुठाय?"

"कसलं पाणी?"

"कसलं मनतो! मंग बरसाती घालून कामून उभा राह्यलास सकाळपासून?"

"पाऊस हाय की..."

त्यानं कपाळाला हात लावला.

तेव्हा मला कळलं. तीस वर्षं खाजाचाचांनी ती बरसाती पावसासाठी कधी घातलीच नव्हती. साध्या पावसात ते छत्री घ्यायचे. तलाव भरून सांडव्याला पाणी लागायच्या बेतात आला, म्हणजे ओढ्याला लोंढा येणार, की मगच बरसाती घालून बांधाच्या टोकाला उभे राहायचे. ऊन असलं तरी! वरच्या डोंगरात पाऊस पडून इथं उन्हात पूर येतो, तेव्हा भोंगा नाही, ओढ्यापलीकडं गावात फोनला रेंज नाही. तर ही खूण. बरसाती उभी दिसली की पुलावर पाय ठेवायचा नाही, मग साक्षात कलेक्टर का असेना. बी म्हणाल्या होत्या ते पाणी हे पाणी. मी पाऊस समजलो. आणि गावाला वाटलं, मला माहीत असणारच.

चाळीस घरांचं दूध नासलं. पण खरं नुकसान वेगळंच झालं होतं. गंगामायच्या मुलीला बघायला त्या दिवशी उदगीरकडचे पाहुणे यायचे होते. अलीकडच्या तीरावर गाडीत दोन तास बसले. त्यांना कुणीतरी सांगितलं, बरसाती उभी आहे, आज काही खरं नाही. परत गेले. परत गेले ते गेलेच, पहिल्याच पावलाला आडकाठी आली म्हणून निरोप पाठवला.

गंगामाय संध्याकाळी आली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"ठाव नव्हतं तर इचारायचं होतं रे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद.

तिनं कुणाला काही सांगितलं नसेल. पण गावच मग माझ्याकडं बघेना. बालाजीची जीप चौकीसमोरून जाताना हॉर्न वाजवायची, तो थांबला. नगासा म्हणून चिडवणंही थांबलं... चिडवणं थांबल्यावर कळतं ते काय होतं. मी बरसाती पाठमोरी, तोंड भिंतीकडं करून टांगली. पुन्हा सकाळी आठ वाजता निरंक, दुसऱ्या दिवशी निरंक. पोळा झाला. मी चौकीच्या दारात बसून पलीकडचे बैल बघितले. आणि ठरवलं, घरी जायचं. न सांगता. सांगायचं कुणाला?

आता जे लिहितोय ते मी कुणालाच पुरं सांगितलेलं नाही.

ज्या सकाळी निघालो त्या सकाळी मी पाण्याची पट्टी बघितली होती. तलाव भरत आला होता, सांडव्याला वीतभर कमी. आभाळ काचेसारखं स्वच्छ. मी मनाला म्हटलं, कुठं येतंय पाणी? आठ वाजता फोनवर "निरंक" सांगितलं, पिशवी घेतली, कुलूप लावलं, तीन वेळा ओढून बघितलं (ही माझी सवय) आणि निघालो. फोन बंद करून टाकला. तो दिवस मुखेडच्या बाजाराचा होता. गावातली माणसं दुपारी पूल ओलांडून जाणार हे मला माहीत होतं. तरी गेलो.

मुखेडहून लातूर. लातूरला स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेली. खिडकीची सीट मिळाली. ऊन रखरखीत, पत्रा तापलेला. कंडक्टरनं तिकीट फाडलं. गाडी हलली.

स्टँडच्या गेटापाशी आली असेल नसेल... मानेला गार लागलं. वेलवेट लागावं तसं, पण ओलं. मग दोन्ही खांद्यांवर वजन आलं. ते वजन मला पाठ होतं. रबराचा वास आला. मी डोळे मिटले नव्हते हे शपथेवर सांगतो, समोर सीटची निळी पाठ दिसत होती, तिच्यावर कुणीतरी पेनानं बदाम काढला होता. आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"जाऊ नगासा! आवो थांबा, थांबा! जाऊ नगासा!"

सगळी गाडी वळली. कंडक्टर म्हणाला, "कोण जाऊन राह्यलंय बाबा? गाडी आत्ता कुठं हलली!" लोक हसले. शेजारी एक धोतरवाले आजोबा होते, ते मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि हात झटकला.

"पावण्या, गच्च भिजलास की रे. कुठं भिजलास?"

शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. पाठ, खांदे, बाह्या मनगटापर्यंत. पँट कोरडी, केस कोरडे. ते पावसाचं भिजणं नव्हतं. ते बरसातीच्या आतलं भिजणं होतं.

तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला चावी लागली. चौकीची, एकुलती एक. ती ठेवून यायची होती, विसरलो होतो. मला एकदम थंडी वाजायला लागली. "उतरायचंय, उतरायचंय," म्हणत मी गेटापाशीच उतरलो. खरं कारण काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. मनाला म्हटलं, चावी द्यायला परत जातोय.

चाकूर, शिरूर ताजबंद, जांब... गाडी काही पुढं सरकेना. मुखेडला उतरलो, एका टेम्पोनं फाट्यापर्यंत सोडलं. दिवेलागणीला ओढ्याशी पोचलो.

पूल नव्हता. म्हणजे होता, पण वरून पाणी चाललं होतं, लाल, फेसाळ, मांडीइतकं. नळ्यांच्या तोंडाशी बाभळीचं अख्खं झाड अडकलेलं. आणि पलीकडच्या तीरावर माणसं उभी. मला बघून ती सगळी ओरडायला लागली. पाण्याच्या आवाजात एक अक्षर कळेना. कोण गेलं? किती गेले? मला वाटलं शिव्या देतायत, द्यायलाच पाहिजेत. तेवढ्यात गर्दीतून गंगामाय पुढं आली, पार पाण्याच्या कडेला, आणि तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन जोडले. मला. मग पदर पसरला. मला काही कळेना. मग वळून चौकीकडं पळत सुटलो.

कुलूप तसंच होतं. मी तीन वेळा ओढून बघितलं. मग उघडलं.

बरसाती खुंटीवर. पण तोंड भिंतीकडं नाही, माझ्याकडं. बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली. वरून कोरडी ठणठणीत. वडील म्हणायचे तसं जवळ गेलो, हात लावून बघितलं, आत हात घातला. अस्तर ओलं होतं. कोमट. आत्ताच कुणीतरी काढून ठेवावी तसं. खाली फरशीवर ताटलीएवढं पाण्याचं थारोळं.

मी चौकीत थांबलो नाही. दारात बसून राहिलो.

सकाळी पाणी ओसरलं. आठ वाजता भांडं बघितलं — कोरडं. निरंक. फोन ठेवला आणि मागं वळलो, तर गंगामाय, बालाजी आणि त्याची बायको दारात. नारळ, टॉवेल, टोपी. आणि फडक्यात भाकरी.

"काल लई बोलायचं व्हतं, पर आवाजच पोचंना," बालाजी म्हणाला. टोपी त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर घातली. "चौदा माणसं व्हती जीपमंदी. बाजाराला निघालो, पुढचं चाक पुलावर घातलं. ऊन हे असं! पाणी मनावं तर नळीतून करंगळीएवढं. आन् ही गंगामाय वराडली, बरसाती उभी हाय!"

"मी मनलं, काय उभी हाय, त्या येड्याची बरसाती!" बालाजीची बायको म्हणाली. "खरं बोलते भाऊ, राग मानू नका. मी मनलं, चला, मागल्या वक्तासारखंच हाय."

"म्या बी तेच मनलो," बालाजी म्हणाला. "गेअर टाकला. मंग तू वराडलास ना. तुझं ते... नगासा! जाऊ नगासा! आरं, काय तो आवाज! अंगावर काटा आला. गाडी मागं घेतली, बिडी पेटवली. बिडी निम्मी झाली न्हाई तोवर त्यो लोंढा आला, झाडासकट."

मी टोपी काढली. हातात धरून उभा राहिलो. तोंडाशी आलं होतं, की मावशी, मी इथं नव्हतो. मी तुम्हाला सोडून चाललो होतो.

त्याऐवजी मी विचारलं, "बरसाती कुठवर होती?"

"कुठवर मंजे?"

"लांबीला. पोटरीपर्यंत दिसत होती का?" माझी फार आशा होती. पोटरीपर्यंत म्हटली असती तर खाजाचाचा. मग मी त्यांच्या कबरीवर जाऊन फूल ठेवलं असतं आणि सुटलो असतो.

गंगामाय हसली. "पोटरी कुठली आलीय तुझी! घोट्यापस्तोर लोंबत व्हती, नेहमीसारखी. आन् हात असा करून राह्यलास," तिनं उजवा हात डोक्यावर आडवा धरून दाखवला, "आमी वळखत न्हाई व्हय तुला?"

हात तसा करायची माझी सवय आहे. आमच्या डोंगरात धुक्यात एकमेकांना थांबवायला तसाच करतात.

"किती वाजले होते?" मी विचारलं.

"पावणेतीनची एसटी यायची व्हती," बालाजी म्हणाला. "पाच मिनटं आधी धर."

तिकिटावर वेळ छापलेली असते. लातूर ते कोल्हापूर, दोन वाजून एकेचाळीस मिनिटं. ते तिकीट माझ्याकडं अजून आहे. मशीनच्या कागदावरची अक्षरं उडत चाललीत, आता उन्हात धरलं तरच वेळ दिसते.

पुढच्या आठवड्यात बींकडं गेलो. त्या एकट्यांनाच बरसातीचं काय झालं ते सांगितलं. लातूरचं मात्र सांगायची हिंमत झाली नाही, म्हटलं, कामाला गेलो होतो. त्या गहू निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"उन्हों थे क्या, बी?" मी विचारलं.

"उन्हों कैकू आते?" त्या म्हणाल्या. "तीस साल खड़े रहे, थक गए. और नगासा-फगासा उन्हों को आता था क्या?" मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तू कामकू गया था बोला ना?"

मी खाली बघितलं. उठताना एवढंच म्हणाल्या, "अब वो बरसाती तेरी."

याला काही वर्षं झाली. मी अजून त्याच चौकीवर आहे. गंगामायच्या मुलीचं पुढं चांगल्या घरी जमलं, लग्नात मी पंगतीला पाणी वाढलं. भाकरी रोज येते. बालाजी हॉर्न वाजवतो. पाणी आलं की मी बरसाती घालून टोकाला उभा राहतो, लोक थांबतात. साधा पाऊस असला की छत्री. आणि दरवेळी भाकरीचं फडकं सोडताना मला वाटतं, ही माझी नाही. ही त्याची, जो त्या दिवशी इथं उभा होता.

लोक म्हणतील, लातूरच्या उन्हात घाम आला, डोळा लागला, झोपेत बरळलास. असेल. मी स्वतःला हेच कितीदा सांगितलंय. मग चौदा माणसांनी बघितलं ते काय? कुलपाच्या आत बरसाती कुणी फिरवली? शिकलेल्या माणसांना विचारावं म्हणून हे लिहिलं, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

आणि गंगामाय, तुम्हाला वाचता येत नाही, पण मासिक वाचणारी बालाजीभाऊंची मुलगी आहे. ती तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा दाखवेल. त्या दिवशी मी तुम्हाला सोडून गेलो होतो. तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि म्हणूनच वर तलावाचं, गावाचं नाव लिहिलं नाही.

दिवाळीला चार दिवस घरी जातो. जाताना चावी गंगामायकडं देतो. बरसाती तोंड पुलाकडं करून टांगतो. लातूरला गाडी गेटापाशी आली की मी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवतो. शेजारच्याला वाटत असेल, याचा खांदा दुखतोय.

अजूनपर्यंत तरी कोरडाच लागलाय.